मगरिबच्या वेळची जाहिरात

जाहिरात मगरिबच्या वेळी, रोजा सुटताना, दाखवणार आहेत असं दालियाने सांगितलं, म्हणूनच अबुलवफा कॅमेऱ्यासमोर बसायला तयार झाला. दुसरी कुठलीही वेळ असती तर त्याने नाही म्हटलं असतं.

दालिया एका धर्मादाय संस्थेत नोकरीला होती. कैरोत रस्त्यावर झोपणाऱ्या, उपाशी राहणाऱ्या माणसांकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून संस्था रमजानभर टीव्हीवर एक मिनिटाची जाहिरात देणार होती. त्यासाठी चेहरा हवा होता. सय्यदा झैनब भागात चार दिवस हिंडून तिने अबुलवफाला निवडलं. उंच, काळासावळा, पांढरी दाढी, खोल डोळे. बंद पडलेल्या एका फर्निचरच्या दुकानाच्या पायऱ्यांवर तो फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून झोपत असे.

"अजान झाली की लगेच लागणार?" त्याने तिला दोनदा विचारलं.

"लगेच, काका. सगळ्यात महाग वेळ ती."

"आणि नंतर, मालिका चालू असतात तेव्हा?"

"तेव्हा नाही. तेवढा निधी नाही आमच्याकडे. मगरिब ते इशा, एवढंच."

अबुलवफाला हायसं वाटलं. त्याच्या गावी, दक्षिणेत सोहागजवळ, रोजा सुटताना टीव्ही कोणी लावत नसे. खिडकीत रेडिओ असायचा. कैरोच्या किल्ल्यावरची तोफ रेडिओवर ऐकू आली, अजान झाली, की रेडिओ बंद. मग खजूर, पाणी, आणि घरातली सगळी डोकी परातीवर वाकलेली. जेवताना टीव्ही लावला असता तर त्याच्या बापाने तो अंगणात फेकला असता. टीव्ही लागायचा तो रात्रीची, इशाची नमाज आटोपून, चहाबरोबर.

हे सगळं त्याने पाहिलं होतं त्याला तेवीस वर्षं झाली होती. एकोणीस वर्षं तो कैरोच्या श्रीमंत जमालेक भागातल्या एका इमारतीचा रखवालदार होता, आणि रखवालदार रमजानात गावी जात नाही. तो बक्षिशीचा महिना. गावी जायचं मोठ्या ईदला, चार दिवस. इमारत विकली गेली, पाडली गेली, तिच्याबरोबर जिन्याखालची खोलीही गेली. त्यानंतरची चार वर्षं पायऱ्यांवर. तेवीस रमजानांचे रोजे त्याने आधी इमारतीच्या फाटकाशी आणि मग रस्त्यावर फुकट जेवू घालणाऱ्या, रहमानच्या म्हणतात त्या पंगतीत सोडले होते. घरात बसून एकही नाही. त्यामुळे घरात आता काय चालतं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं.

गावाला तो अजून रखवालदारच होता. बायको सहा वर्षांपूर्वी वारली. मुलगी रावया भावाकडे, अब्दुलआलकडे, वाढली. दर शुक्रवारी नमाजनंतर तो तिला फोन करी आणि इमारतीच्या बातम्या सांगे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा कुत्रा मेला. लिफ्ट पुन्हा बिघडली. ती इमारत त्याने चार वर्षं फोनवर उभी ठेवली होती. एक भाडेकरू मेला तेव्हा त्याच्या जागी नवा आणावा लागला, म्हणून त्याने एक दंतवैद्य आणला. रावयाला तो दंतवैद्य फार आवडे.

रावयाचं लग्न ठरलं होतं. मुलगा मुंतसर, तहत्याला वीज खात्यात. त्याचा बाप हाजी खलफल्लाह, गावात शब्द असलेला माणूस. निकाहाचा करारनामा रमजान संपल्यावरच्या छोट्या ईदच्या तिसऱ्या दिवशी, दुपार कलतानाची असरची नमाज झाल्यावर मशिदीत. तेव्हा अबुलवफा काजीसमोर बसणार, आपला उजवा हात मुंतसरच्या हातात देणार, दोघांच्या हातांवर पांढरा रुमाल पडणार, आणि तो म्हणणार, माझी मुलगी तुला दिली. या एका वाक्यासाठी त्याची गेली दोन वर्षं चालली होती. इस्त्रीवाल्या जक्कीच्या दुकानात त्याचा एक चांगला झगा आणि एक शाल प्लास्टिकमध्ये टांगून ठेवलेली होती. मोठ्या ईदला तो तेच घालून गावी जायचा.

"पैसे देता येत नाहीत आम्हाला, काका," दालिया म्हणाली होती. "पैसे दिले तर ते खरं राहत नाही. पण संस्था बेघरांना खोल्या देते, त्या यादीत तुमचं नाव घालू. डोक्यावर छप्पर."

त्या छपरासाठी तो तयार झाला. खोली मिळाली की जावई आणि मुलगी कैरोला येऊ शकतील, चहा पिऊन जातील. चार वर्षांचं खोटं एका किल्लीने खरं होईल.

चित्रीकरणाच्या दिवशी तो जक्कीकडे गेला आणि झगा काढायला सांगितला.

"अजून शाबान चालू आहे, रमजान लागायचाय," जक्की म्हणाला. "कुठे निघाली वरात?"

"फोटो काढणार आहेत."

"मग कडक मारतो. गावचा उमदा दिसशील, गावप्रमुख."

दिग्दर्शक तिशीतला होता, टोपी उलटी घातलेला. अबुलवफाला पाहून त्याने दालियाकडे पाहिलं.

"हा कोण? मला बेघर माणूस पाहिजे, तू सरपंच आणलास."

"काका, तुमचे रोजचे कपडे कुठे आहेत?"

"हे माझेच आहेत."

"हो, पण रोजचे?"

रोजचा झगा पायऱ्यांवर पुठ्ठ्याखाली होता. तो आणला. तो पुरेसा मळलेला नव्हता, कारण अबुलवफा दर गुरुवारी मशिदीच्या नळावर धूत असे. एका मुलीने खांद्यावर आणि बाह्यांवर ब्रशने धूळ लावली. डोक्यावरचा फेटा काढायला लावला. चारचौघांत उघड्या डोक्याने बसायची त्याला सवय नव्हती. तो दोन वेळा डोक्याकडे हात नेऊ लागला आणि दोन्ही वेळा दिग्दर्शक ओरडला.

मग समोर भाताचं ताट आलं, वर पाव कोंबडी, शेजारी रोटी.

"खायचं नाही. नुसतं बघायचं. भूक डोळ्यांत आली पाहिजे."

"सकाळी उसळ-रोटी खाल्लीय मी," अबुलवफा म्हणाला.

"का खाल्लीत?"

अबुलवफा ताटाकडे बघू लागला.

"बरं, असं म्हणा, 'कालपासून पोटात काही नाही.'"

"पण आहे ना."

दालिया त्याच्याशेजारी उकिडवी बसली. "काका, आजचं नाही विचारत. कधी असं झालंय का, की दिवसभर काहीच मिळालं नाही?"

"झालंय. पुष्कळदा."

"मग ते खोटं कसं होईल? त्या दिवसाचं म्हणा."

त्याने त्या दिवसाचं म्हटलं. सात वेळा. शेवटी त्याच्या उजव्या तळव्यावर रोटी ठेवली, आणि ती तोंडाकडे नेणार इतक्यात दिग्दर्शक म्हणाला, "थांबा. रोटी काढून घ्या. हात तसाच ठेवा, काका. थोडा पुढे. हलू नका." ऊन उतरेपर्यंत हात तसाच होता. भात-कोंबडी आणखी दोन माणसांच्या चित्रीकरणाला लागणार होती, म्हणून ती झाकून गाडीत गेली. दालियाने त्याला शंभर पौंड देऊ केले. पैसे घेतले तर खरं राहत नाही असं तिनेच सांगितलं होतं, म्हणून त्याने घेतले नाहीत.

रमजानच्या पहिल्या दिवशी तो नेहमीच्या जागी, गल्लीच्या तोंडाशी लागलेल्या रहमानच्या पंगतीत बसला. ही पंगत दरवर्षी एक खाटीक घालायचा. दोनशे माणसं, लांब टेबलं, कागदाची बिछायत, प्रत्येकापुढे ताट. शेजारच्या चहाच्या दुकानाने टीव्ही दाराबाहेर ओढून ठेवला होता. अजान झाली ती मशिदीतून आणि टीव्हीतून एकदमच. लोकांनी खजूर तोंडात टाकला आणि मान वर करून पडद्याकडे पाहिलं. पहिली जाहिरात तेलाची होती. दुसरीत अबुलवफा होता.

पडद्यावर त्याचं डोकं उघडं होतं. "कालपासून पोटात काही नाही," तो म्हणाला. मग नुसता हात दिसला, मोकळा, पुढे आलेला. खाली एक नंबर आला.

"अरे, हा तर आपला अबुलवफा!"

"काय रे म्हाताऱ्या, कालपासून पोटात काही नाही? काल माझ्या गाडीवर दोन रोट्या उसळ कोणी चापली? माझ्या मेलेल्या आजोबांनी?" उसळवाला ओरडला. पंगत हसली.

"किती हजार दिले रे?"

"हजार? अरे, नटांना लाखात देतात."

"काही दिलं नाही," अबुलवफा म्हणाला.

"देवाशप्पथ?"

"देवाशप्पथ."

"मग तू गाढव आहेस."

त्याने ताट तसंच ठेवलं आणि जक्कीच्या दुकानात गेला. जक्की बायकोने पाठवलेला डबा खात होता, आणि त्याच्याही कोनाड्यात छोटा टीव्ही चालू होता.

"जक्की, तुमच्या घरी यावेळी टीव्ही लावतात?"

"मग काय कंदील लावतात? पडद्यावर अजान दिसल्याशिवाय माझी बायको खजूर तोंडात टाकत नाही."

"गावाकडे नाही लावत."

"कुठल्या गावाकडे? माझी सासू मिन्याची. तिच्या म्हशीला पण जाहिराती पाठ आहेत." मग जक्कीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि घास खाली ठेवला. "कोणाला सांगितलं नव्हतंस ना घरी?"

त्या संध्याकाळी जाहिरात चार वेळा लागली.

गावाकडून फोन आला नाही. त्याला तेच जास्त वाईट वाटलं. शुक्रवारी नमाजनंतर त्याने नेहमीप्रमाणे लावला. रावयाने नाही, अब्दुलआलने उचलला.

"दादा, तो तूच का?"

"कोण?"

"दादा."

"हे बघ, ते नाटक होतं. मला नट म्हणून घेतलं होतं. इमारतीतल्या एका भाडेकरूची ओळख..."

"दंतवैद्याची?"

अबुलवफाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हाजी खलफल्लाहच्या घरी तीस माणसं होती त्या दिवशी. व्याही, जावई, सगळे. परातीवर बसलेले. मुंतसरची आजी डोळ्यांनी अधू, तिने आवाज ओळखला. म्हणाली, हे तर आपले रावयाचे वडील. मग कोणी जेवलं नाही म्हणतात."

"हाजी काय म्हणाला?"

"तो बोलतो का कधी? काल दुपारी आमच्या दारात एक खोकं आलं. तांदूळ, साखर, तेल, शेवया. रमजानचं खोकं, गरिबांना वाटतात ते. भर दुपारी, गल्लीतून, गाढवगाडीवर. पाठवणाऱ्याने नाव सांगू नको म्हटलं होतं. गाडीवाल्याने सगळ्या गल्लीला सांगितलं."

"तुम्ही घेतलं?"

"परत पाठवलं असतं तर काय म्हणाले असते? माजलेत?" अब्दुलआलचा आवाज चढला. "चार वर्षं, दादा! मला सांगायचं होतंस. माझ्या घरात एक खाट नव्हती का तुझ्यासाठी?"

"तुझ्या घरात अकरा माणसं आहेत."

"बारावं झालं असतं!"

हे अब्दुलआल मनापासून बोलला की नाही, हे अबुलवफाला ठरवता आलं नाही. त्याने रावयाला फोन द्यायला सांगितलं. ती झोपलीय, अब्दुलआल म्हणाला. मागून तिचाच आवाज येत होता, भांडी घासता घासता कोणावर तरी ओरडत होती.

शनिवारी तो संस्थेच्या कचेरीत गेला. चालत, दीड तास, रोज्याच्या तोंडाने. दारावरच्या पहारेकऱ्याने आधी अडवलं, मग चेहरा ओळखून उठून उभा राहिला. आतल्या भिंतीवर त्याचा फोटो छतापर्यंत लावला होता. दालिया धावत आली. तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

"काका! तुम्हाला कल्पना आहे का? यंदाच्या सगळ्या जाहिरातींमध्ये लोक तुमच्याबद्दल बोलताहेत. फोन उचलायला माणसं पुरत नाहीत. लोक रडतात फोनवर."

"ती बंद करा."

"काय?"

"जाहिरात. मुलीच्या सासरी बघितली. तिचं लग्न आहे."

दालिया खुर्चीवर बसली. ती वाईट मुलगी नव्हती. तिने लगेच वरिष्ठांना फोन केला, वाद घातला, दोनदा म्हणाली, "पण तो माणूस इथे माझ्यासमोर बसलाय." मग फोन ठेवला.

"शेवटच्या रोज्यापर्यंतची वेळ विकत घेतलेली आहे, काका. दुसरी फिल्म तयार नाही. आणि ती काढली तर... या जाहिरातीवर हजारो माणसांची ताटं आहेत. तुम्हीच सांगा, त्यांना काय सांगू?"

अबुलवफाने त्या ताटांचा विचार केला. पंगतीत तो स्वतःही बसत होता.

"आणि खोली?" त्याने विचारलं.

"तुमचं नाव घातलंय यादीत. फक्त एक अडचण आहे." तिने संगणकावर पाहिलं. "खोल्या कुटुंबांना आहेत. एकट्या पुरुषाला देत नाहीत, नियम आहे. तुम्ही मुलगी आहे असं सांगितलं होतंत, म्हणून मी तुम्हाला कुटुंब म्हणून घातलं. पण तिचं लग्न झालं, तर मग..." ती त्याच्याकडे वळली. "लग्न कधी आहे म्हणालात?"

"ईदच्या तिसऱ्या दिवशी."

"वाटप ईदनंतर महिन्याने आहे."

मग दालियाचा चेहरा उजळला.

"काका, असं केलं तर? आम्ही लग्नाला येतो. छोटी फिल्म, ईदनंतरची. तीच व्यक्ती, आता स्वच्छ कपड्यांत, मुलीच्या लग्नात. बापाचा हात जावयाच्या हातात. लोकांना शेवट हवा असतो. लग्नाचा सगळा खर्च संस्था करेल, मी बोलते."

अबुलवफा उठला. दारापर्यंत गेला. मग परत वळून, कोणाला शिवी द्यायची असते तशा आवाजात, "अल्ला तुमचं भलं करो," असं म्हणाला आणि जिना उतरला.

बाकीचा महिना असा गेला. लोक गाड्यांतून त्याला शोधत येऊ लागले. चांगली माणसं, मुलाबाळांसकट. त्याच्या हातात जेवणाची खोकी देत, शेजारी बसून फोटो काढत. सत्ताविसाव्या रोज्याला एकतीस खोकी आली. ती त्याने मशिदीमागे झोपणाऱ्यांत वाटली, तर त्यांतला एक म्हणाला, "तुझी उष्टी नकोत, त्या जाहिरातवाल्या बाईचा नंबर दे. त्या बाईला आमचं पण नाव सांग." पैसेवाला झाला म्हणून उसळवाल्याने उधारी बंद केली. दुकानाच्या पायऱ्यांपुढे गर्दी होते म्हणून मालकाने लोखंडी जाळी बसवली. अबुलवफा जक्कीच्या दुकानात इस्त्रीच्या फळीखाली झोपू लागला. फळी गरम असे. जक्कीने त्याबद्दल काहीच म्हटलं नाही, फक्त रोज एकदा विचारलं, "मुलीचा फोन?"

फोन ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

"बाबा."

"रावया."

"तुम्ही या. उद्या. नाही आलात तर आणखी बोलतील."

"येतोच आहे. झगा तयार आहे."

"करारनाम्याला तुमच्या जागी अब्दुलआल काका बसतील. मी काजींना सांगितलंय. त्यांना माझ्या वतीने बोलणारा वकील नेमलंय. मी सज्ञान आहे, मला नेमता येतं."

जक्कीच्या दुकानात इस्त्रीची वाफ भरली होती. अबुलवफा बाहेर आला.

"तुला असं करायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"खलफल्लाहने?"

"ते लग्न मोडणार होते, बाबा. मुंतसर चार दिवस घरात जेवला नाही. मग ते म्हणाले, लग्न होईल. पण जो हात सगळ्या इजिप्तने पसरलेला पाहिला, त्या हातात माझ्या मुलाचा हात देणार नाही. तेवढंच म्हणाले."

"मी हात पसरला नव्हता गं. त्यात रोटी होती. त्यांनी काढून घेतली."

"मला माहीत आहे. मी रोज बघितलीय ती जाहिरात, चारही वेळा. तुमचा अंगठा वाकलेला आहे. काहीतरी धरल्यासारखा. पण हे मी कोणाकोणाला सांगू? अंगठा कोण बघतं?"

"मी त्यांना सांगतो. हाजीला समोरासमोर..."

"नका सांगू. बाबा, तुम्ही काहीच बोलू नका. तुम्ही चार वर्षं पुष्कळ बोललात." मग आवाज खाली आला. "मला तो दंतवैद्य खरा वाटायचा."

तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच्या गाडीने निघाला. जक्कीने झगा अशी इस्त्री करून दिला होता की बाकावर टेकायची त्याला भीती वाटत होती. जाताना जक्कीने त्याच्या खिशात भाकरी आणि चार उकडलेली अंडी कोंबली. ती त्याने गाडीतच खाल्ली, सोहाग यायच्या आधी, म्हणजे भुकेला दिसायला नको.

त्याला वाटलं होतं, लोक तोंड फिरवतील. कोणीच फिरवलं नाही. गावात शिरल्यापासून लोक उठून येत होते, मिठी मारत होते, खांद्यावर थोपटत होते, इस्पितळातून आलेल्या माणसाला थोपटतात तसं, सांभाळून. हाजी खलफल्लाह स्वतः दारात उभा होता. त्याने अबुलवफाचा हात दोन्ही हातांत धरला, पण दंडापाशी, आणि त्याला दिवाणखान्यात नेऊन सगळ्यात मानाच्या जागी बसवलं. चुलत्यांच्याही वर.

"आधी जेवण," हाजी म्हणाला.

"करारनामा झाल्यावर जेवू, सगळ्यांबरोबर."

"आपल्यात पाहुणा आधी जेवतो. तुम्ही लांबून आलात."

परात आली. आख्खं कोकरू, खाली भात, बाजूला रश्शात भिजवलेल्या रोटीच्या फत्त्याचा ढीग, लसणाचा वास. एरवी या परातीवर दहा माणसं बसतात. अबुलवफा एकटा बसला. हाजीने स्वतःच्या हाताने मांडीचं मांस तोडून त्याच्यापुढे ठेवलं.

"खा, अबुलवफा. लाजू नका. घर तुमचंच आहे."

असरची अजान झाली. माणसं एकेक करून उठली, चपला घालून मशिदीकडे निघाली. अब्दुलआल दारात क्षणभर थांबला. त्याच्या अंगावर नवी शाल होती, आणि हातात घडी घातलेला पांढरा रुमाल. काहीतरी बोलावं म्हणून तो म्हणाला, "सावकाश जेव, दादा," आणि गेला. अबुलवफा उठू लागला तेव्हा हाजीचे दोन पुतणे दोन बाजूंना येऊन बसले. तिशीतले, धट्टेकट्टे, चांगल्या स्वभावाचे.

"बसा, काका. हाजींनी सांगितलंय, काकांचं पोट भरल्याशिवाय उठू द्यायचं नाही."

"नमाज आहे."

"अल्लाला माहीत आहे. नंतर पढा. हे घ्या, हा मऊ तुकडा."

"मी जेवून आलोय, बाळांनो. गाडीत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला एक फार मायेने हसला. "हो, काका. आम्हालाही असंच शिकवलंय, पाहुण्याने असंच म्हणायचं असतं. घ्या."

नाही म्हणावं, तर ज्या घरात रावयाला आयुष्य काढायचं होतं त्या घराचं अन्न नाकारल्यासारखं झालं असतं. अबुलवफाने घास घेतला.

मशिदीचा भोंगा दिवाणखान्याच्या खिडकीसमोरच होता. आधी काजीचा आवाज आला, मग खाकरणं, मग मुंतसरचा आवाज, घाबरलेला. मग अब्दुलआलचा. वाक्य तेच होतं, फक्त "माझी मुलगी" या जागी, वकिलाने म्हणायचं असतं तसं, "माझी मुवक्किल" होतं. "माझी मुवक्किल, प्रौढ कुमारिका रावया, अबुलवफाची मुलगी, हिला तुझ्या विवाहात दिलं." भोंग्यावर त्याचं नाव सगळ्या गावात दोनदा ऐकू गेलं, कारण काजीने ते लिहून घेताना परत विचारलं.

"काका, थांबलात का?"

"थांबलो नाही," अबुलवफा म्हणाला आणि रोटी तोडली.

आतल्या खोलीतून बायकांच्या आनंदाच्या लुलुकारांचा गजर उठला. पुतण्यांनी त्याला "मुबारक, काका," म्हटलं आणि दोघांनीही एकदमच त्याच्यापुढे आणखी मांस ठेवलं. आता हात थांबवणं शक्य नव्हतं. अंडी, भाकरी आणि कोकरू छातीपर्यंत आलं होतं. तो चावत राहिला, गिळत राहिला, मधूनमधून पाणी पीत राहिला.

मशिदीतून लोक परतू लागले. दारात चपलांचा ढीग वाढला. नवऱ्यामुलाला मिठ्या मारून झाल्यावर, आत यायच्या आधी, दोन म्हातारे उंबऱ्यावर थांबले आणि परातीकडे पाहू लागले. अर्धं कोकरू संपलं होतं.

"बघितलंस?" एक दुसऱ्याला हळूच म्हणाला. "टीव्हीवर दाखवतात ते सगळंच काही खोटं नसतं."

अबुलवफाने ऐकलं. पुतण्याने पुढे केलेला तुकडा त्याने घेतला आणि तोंडात घातला.